उतरवण्यापूर्वी वाडा मोजून ठेवा: पुण्यातील व्यापारी वाड्यांच्या वारसदारांना खुले पत्र

प्रति,
पुण्याच्या रविवार, बुधवार, शुक्रवार, सोमवार, भवानी, नाना आणि कसबा पेठांतील जुन्या व्यापारी वाड्यांचे मालक, सहहिस्सेदार आणि भाडेकरू यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या विकसन कराराचे कागद वाचले जात असतील. कुणाचा मसुदा वकिलाकडे पडून असेल, कुणाचे काम परगावच्या चुलतभावाच्या सहीवाचून अडले असेल, तर कुणाच्या दिंडी दरवाजावर धोकादायक इमारतीची नोटीस लागलेली असेल. सही करू नका, असे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. तसे सांगण्याचा मला अधिकारही नाही. रविवार पेठेतला आमचा वाडा ज्या करारान्वये पाडला गेला त्यावर अकरा सह्या आहेत आणि त्यांतली एक माझी आहे. पावसाळ्यात घरभर मांडलेली भांडी, आठ बिऱ्हाडांत मिळून दोन संडास आणि वाळवीने पोखरलेल्या तुळईखाली झोपणारी मुले, हे सारे मी पाहिले आहे. बाहेरून येऊन ‘किती सुंदर कोरीवकाम आहे’ म्हणणाऱ्यांना त्या तुळईखाली रात्र काढावी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच आहे की, वाडा उतरवायला घेण्याआधी तो मोजून घ्या, त्याचे नकाशे काढून घ्या, आणि माळ्यावरचे दप्तर रद्दीवाल्याच्या काट्यावर चढू देऊ नका.

ही विनंती सर्वच जुन्या घरांच्या बाबतीत करता येईल, हे खरे. तरीही मी ती व्यापाऱ्यांच्या वाड्यांसाठी मुद्दाम करतो आहे, कारण पुण्यात वाडा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा, विश्रामबागवाडा किंवा नानावाडा उभा राहतो. हे वाडे राज्यकर्त्यांचे आणि कारभाऱ्यांचे होते, आणि त्यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. शेटजींचे, सावकारांचे, आडत्यांचे आणि सराफांचे वाडे मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. त्यांच्यात दाखवण्याजोगे कोरीवकाम बहुधा थोडे असते. त्यांचे मोल त्यांच्या मांडणीत आहे, आणि ही मांडणी नकाशावाचून टिकत नाही. कोरलेला खांब काढून दुसरीकडे उभा करता येतो; देवडीतून (दरवाज्यामागच्या पहाऱ्याच्या जागेतून) ओसरीवर, ओसरीवरून पेढीवर आणि पेढीवरून दिवाणखान्यात जाणारी वाट कुणाला उचलून नेता येत नाही.

पेशवाईतले पुणे वाढले ते पेठांनी, आणि पेठ वसवायची म्हणजे आधी व्यापारी आणून बसवायचे, ही त्या काळची रीत होती. नव्या पेठेत दुकान थाटणाऱ्याला काही वर्षे करांत सूट मिळे आणि तसा कौल लिहून दिला जाई. पेठेच्या व्यवहारावर शेटे आणि महाजन या वतनदारांची देखरेख असे. आजची रविवार पेठ पूर्वी मलकापूर म्हणून, सोमवार पेठ शहापूर म्हणून आणि शुक्रवार पेठ विसापूर म्हणून ओळखली जाई. नाना फडणवीसांनी वसवलेल्या पेठेचे नाव आधी हनुमान पेठ होते. सोमवार पेठेत गोसावी सावकारांची एवढी वस्ती होती की तिला गोसावीपुराच म्हणत. त्यांच्याकडे पैसा किती होता याची कल्पना तिथल्या त्रिशुंड गणपतीच्या मंदिराचे दगडी काम पाहिले की येते. भीमगीरजी गोसावी यांनी ते १७५४ साली बांधायला घेतले. रविवार पेठेतली बोहरी आळी, कापडगंज, मोती चौक ही नावे आजही आपण उच्चारतो ती त्या बाजारांचीच आहेत. गुजराती, मारवाडी, लिंगायत वाणी, कोमटी, बोहरी, देशस्थ, कोकणस्थ असे नाना तऱ्हेचे लोक येथे धंद्याला आले, आणि मूळ गावी त्यांची घरे कशीही असोत, येथे बहुतेकांनी वाडाच बांधला, कारण येथले सुतार, गवंडी आणि पाथरवट तेच बांधणे जाणत होते.

हे सावकार राज्याच्या कडेला बसलेले नव्हते. मोहिमांचा खर्च आधी कर्ज काढून व्हायचा आणि वसुली मागाहून यायची. थोरल्या बाजीरावांची कर्जाची विवंचना इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणूनच शहरावर संकट आले की पहिला घाला पेढ्यांवर पडे. १७६३ मध्ये निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांचा जय झाल्यानंतर पुण्याच्या धनिकांकडून सक्तीने पैसा वसूल करण्यात आला. व्यापारी वाड्याचा दरवाजा एवढा जाड का, जिना भिंतीच्या पोटात लपवलेला आणि एका वेळी एकच माणूस चढेल एवढा अरुंद का, वर पोचल्यावर तो फळीने झाकून वरूनच अडसर लावण्याची सोय का, आणि तळघराचे तोंड देवघरात किंवा धान्याच्या खोलीत का, या प्रश्नांची उत्तरे त्या दोन तारखांत सापडतात. आपल्या वाड्यातल्या ‘गुप्त भुयारा’च्या गोष्टी लहानपणी आपण सर्वांनी ऐकल्या असतील. शनिवारवाड्यापर्यंत जाणारे भुयार सहसा कुठेच नसते. पण कुटुंबातल्या दोघातिघांनाच ठाऊक असलेले तळघर किंवा भिंतीतले बळद, म्हणजे भिंतीच्या पोटातली पोकळ जागा, पुष्कळ वाड्यांत असते, आणि भिंत पडेपर्यंत त्याचा पत्ता कुणालाही लागत नाही.

सरदाराचा वाडा रस्त्याकडे पाठ फिरवून उभा असतो: उंच भिंत, बेताच्या खिडक्या आणि मोठा दरवाजा. व्यापाऱ्याला तसे करून चालत नाही. त्याचे गिऱ्हाईक रस्त्यावर असते, म्हणून त्याच्या वाड्याची दर्शनी बाजू दुकानांची असते. काळ्या घडीव दगडाच्या जोत्यावर ओळीने दुकानांचे गाळे, दोन गाळ्यांमधून आत जाणारा बोळ, त्या बोळाच्या तोंडाशी दिंडी दरवाजा आणि आत शिरल्यावर देवडी. देवडीनंतर पहिला चौक येतो. तो धंद्याचा चौक: माल उतरवायचा, मोजायचा, पोत्यांची थप्पी लावायची. चौकाच्या तिन्ही-चारी बाजूंनी ओसरी असते आणि एका अंगाला पेढी. पेढीवर गादी, लोड-तक्के, वह्यांची उतरती पेटी, कलमदान. त्याच्या पलीकडे, एखाद्या अरुंद बोळातून किंवा वळण घेणाऱ्या दारातून, दुसरा चौक लागतो, आणि येथून घर सुरू होते: माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, विहीर किंवा हौद, तुळशीवृंदावन. ऐपत मोठी असेल तर मागे तिसरा चौक, गाईगुरांचा आणि सरपणाचा.

या मांडणीला व्यापारी मनाचे एक तर्कशास्त्र आहे. चार आण्यांची खरेदी करणारा माणूस फळीपाशीच उभा राही. त्याला जोत्यावर चढण्याची गरज नसे. नेहमीचा व्यापारी ओसरीवर येई आणि त्याला पाणी मिळे. हुंडी वटवणारा, ठेव ठेवणारा, उधारी मागणारा पेढीवर बसे. मोठ्या रकमेचा व्यवहार व्हायचा तो वरच्या दिवाणखान्यात, जेथे खालचा आवाज पोचत नसे आणि वरचा आवाज खाली येत नसे. ज्याची जेवढी पत, तेवढा तो आत. घरातल्या बायकांची वाट मात्र या वाटेला कुठेही छेदत नसे. मागच्या जिन्याने त्यांना माजघरातून थेट वर जाता येई आणि दिवाणखान्यात काय चालले आहे ते जाळीच्या झरोक्यातून पाहता येई. दस्तऐवजांत हुंडीची रक्कम सापडते, व्याजाचा दर सापडतो. पण विश्वासाची ही पायरी-पायरीने चढत गेलेली मांडणी फक्त घराच्या नकाशात वाचता येते. पुण्याच्या व्यापाराचा इतिहास कधी कुणी नीट लिहायला बसला, तर आपल्या वाड्यांचे नकाशे त्याला पेढीवरच्या वह्यांइतकेच लागतील.

बांधणीविषयीही थोडे लिहितो, कारण ‘मातीच्या भिंती, त्यात काय ठेवलंय’ हे वाक्य मी आमच्याच बैठकीत दहा वेळा ऐकले. वाड्याचा भार भिंतीवर नसतो, तो सागवानी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हात (तुळई पेलणारा लाकडी आधार), हातावर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर पाट, असा तो कडीपाट. त्यावर मातीचा थर आणि सारवण. खांबाच्या डोक्याची कूस, म्हणजे कोरून काढलेला खुंटा, वरच्या लाकडाच्या भोकात बसवलेली असते आणि पुष्कळ सांध्यांना लोखंडी खिळा लागलेलाच नसतो. म्हणून जाणता सुतार वाडा ‘पाडत’ नाही, उतरवतो; एकेक लाकूड सुटे होते आणि पुन्हा उभे राहू शकते. विटांच्या किंवा पांढरीच्या मातीच्या भिंती या सांगाड्यातली पोकळी भरण्यासाठी असतात. त्यांची जाडी उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि त्यांच्याच पोटात कोनाडे, फडताळे, बळदे आणि जिने सामावतात. लाकडी सांगाड्याचे वैरी दोन, पाणी आणि आग. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकूड जळून गेले आणि दगडी जोती व तटबंदी तेवढी राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतली मातीच्या भिंतींची घरे पाण्यात विरघळावीत तशी बसली.

घर मोजण्याचे जुने एकक म्हणजे खण, दोन खांबांमधले अंतर. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत ‘माडी इतके खण, पडवी इतके खण’ असेच लिहिलेले असते, आणि भावाभावांत वाटणी होई तीही खणांवर. आमच्या वाड्यात एका खणात दोन चुलते आणि त्यांच्या मधोमध एक पत्र्याची भिंत होती, हे मला आठवते. तो खण किती फुटांचा होता, हे मात्र आज मला सांगता येत नाही. ज्या घरात मी एकवीस वर्षे झोपलो-उठलो त्याची ही साधी मोजणी माझ्याकडे नाही, आणि आता ती कुठूनही मिळणार नाही.

वाड्यांत पुढेही भर पडत गेली, आणि ‘मूळ पेशवेकालीन’ नाही म्हणून कुणी आपल्या वाड्याला कमी लेखू नये. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पुरा झाला. त्यानंतर पुण्याच्या बाजारात मुंबईचा माल, आणि मालाबरोबर मुंबईची आवड, दोन्ही उतरू लागली. नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले आली. सज्जाला बिडाचे ओतीव कठडे लागले. दिवाणखान्याच्या खिडक्यांत निळ्या-तांबड्या काचा बसल्या आणि छताला हंड्या-झुंबरे टांगली गेली. मागचा चौक पेशवाई सुरूदार (सुरूच्या झाडाच्या घाटाच्या) खांबांचा आणि रस्त्याकडची माडी विलायती वळणाची, असे अनेक वाडे आपल्या पेठांत आहेत. एकाच घरात आजोबांच्या आणि नातवाच्या काळचा व्यापार शेजारी-शेजारी उभा असलेला दिसतो. मला तरी हे मिश्रण एकजिनसी वाड्याहून अधिक बोलके वाटते.

त्यानंतरची उतरण आपल्याला ठाऊक आहे. धंदा मोठा झाला तसा तो पेठेबाहेर गेला, घरातली कर्ती मुले बंगल्यांत आणि परदेशी गेली, आणि रिकाम्या खणांत भाडेकरू आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. घर गमावण्याच्या भीतीत जगणाऱ्या हजारो कुटुंबांना त्या कायद्याने आसरा दिला, हे मी कधीही नाकारणार नाही. पण ज्या वाड्याचे सारे भाडे मिळून वर्षाच्या कौलांचा खर्च भागत नाही, त्याची डागडुजी कोण करणार? १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि दरवर्षी चार टक्के वाढ मिळू लागली. तोवर अर्धशतक लोटले होते. मालक आणि भाडेकरू यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात दोन पिढ्या घालवल्या आणि मधल्या काळात पाणी तुळईत मुरत राहिले.

आता आमच्या वाड्याचे काय झाले ते सांगतो. करार झाला, बिऱ्हाडे हलली, आणि ज्याला काम दिले होते त्याची माणसे एका सोमवारी आली. लाकूडसामान त्याचे, असे करारात एका ओळीत लिहिलेले होते आणि आमच्यापैकी कुणीही त्या ओळीवर बोट ठेवले नव्हते. सहा दिवसांत सांगाडा मोकळा झाला. कोरलेले चार खांब आणि दिवाणखान्याची महिरप वेगळी काढली गेली. ती कुठल्या हॉटेलात किंवा फार्महाउसवर लागली असतील ते मला माहीत नाही. मी चौथ्या दिवशी गेलो तेव्हा दुकानाच्या फळ्या जळाऊ लाकडात पडल्या होत्या.

त्या फळ्यांविषयी थोडे लिहू द्या. आमच्या दुकानाला पत्र्याचे शटर फार उशिरा बसले. त्याआधी उंबऱ्यातल्या आणि वरच्या पट्टीतल्या खोबणीत नऊ फळ्या एकामागून एक सरकवून दुकान बंद होई. लाकूड हाताने रंधलेले, त्यामुळे कोणतीही फळी कुठल्याही जागी बसत नसे. म्हणून प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला, वरून वीतभर खाली, पटाशीने खुणा पाडलेल्या होत्या: पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा चारपर्यंत उभ्या रेघा, पाचवीला फुली, आणि पुढे फुलीला जोडून पुन्हा रेघा. दुकान बंद करणाऱ्या गड्याला अक्षरओळख नसली तरी अंधारात बोटाने चाचपून तो फळ्या क्रमाने लावू शके. मी लहान असताना आमचे जुने दिवाणजी डोळे मिटून फळ्या लावून दाखवीत. त्यांच्या बोटांनी आणि त्यांच्या आधीच्या कित्येकांच्या बोटांनी त्या रेघांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ढिगातून मला तीन रेघांची एक फळी मिळाली. बाकीच्या आठ मिळाल्या नाहीत.

दुकानातल्या तुळईला तराजू टांगायची लोखंडी कडी होती, तीही गेली. आणि माळ्यावरच्या तीन गाठोड्यांत मोडी लिहिलेल्या रोजकिर्दी आणि खतावण्या होत्या. दर लक्ष्मीपूजनाला आधीच्या वर्षाची वही त्यांत जाऊन पडत असे. त्यांतले एक गाठोडे आधीच कसरीने खाल्ले होते. उरलेली दोन साफसफाईत नेमकी कुणी दिली, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आपल्या घरी असे दप्तर असेल तर कृपा करून ते ‘फक्त हिशेब आहेत’ म्हणून बाजूला टाकू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच शहरात असे कागद जपत आले आहे, आणि तिथे मोडी वाचणारी माणसे आहेत. गहाणवटीत कुणाची बेअब्रू होईल अशी भीती काही कुटुंबांना वाटते, हे मी ऐकले आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या कर्जाने आज कुणाचीही मान खाली जात नाही.

बुधवार पेठेतला भिडेवाडा आठवून पाहा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. त्या वाड्याची थोरवी नक्षीत नव्हती, त्याच्या खोल्यांत जे घडले त्यात होती. तो डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. घराची किंमत कोरीवकामावर ठरवायची सवय आपण सोडली पाहिजे, असे मला त्या दिवसापासून फार वाटते.

तर मग काय करता येईल? करारात लाकूडसामानाच्या ओळीच्या वर आणखी एक ओळ घाला: काम सुरू होण्यापूर्वी वास्तूची संपूर्ण मोजणी आणि छायाचित्रण करू दिले जाईल, आणि त्याची एक प्रत प्रत्येक सहहिस्सेदाराला मिळेल. कोट्यवधींच्या व्यवहारात हा खर्च नगण्य आहे आणि कोणताही समंजस विकसक त्यावर अडून बसणार नाही. शहरात वास्तुकलेची (आर्किटेक्चरची) महाविद्यालये आहेत आणि जुन्या इमारतींची मोजणी हा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. त्यांना फक्त आत येऊ देणारा मालक हवा असतो. प्रत्येक मजल्याचा नकाशा, निदान एक उभा छेद, खांबांची जाडी आणि खणाचे माप, सांध्यांचे जवळून फोटो, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला सोबत घेऊन कोणत्या खोलीत काय चाले याची नोंद, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. ही नोंद पुरुषांना विचारून करू नका. त्यांना पेढी आठवते, माजघर आठवत नाही. भाडेकरूंनाही विचारा. चाळीस-पन्नास वर्षे ज्यांनी त्या घराची गळती सोसली, त्यांना त्याचे वासे मालकापेक्षा जास्त ठाऊक असतात.

आणि वस्तूंपैकी काहीतरी शहरातच ठेवा. दिनकर केळकर चष्म्याचे दुकान चालवीत आणि गावोगावच्या वाड्यांतून दरवाजे, दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करीत. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभे केलेले संग्रहालय आज बाजीराव रस्त्याजवळ आहे. त्यांच्याकडे कोरलेले दरवाजे तर आलेच, पण त्यांनी घरातल्या रोजच्या हत्यारांनाही तोच मान दिला. आपल्या दुकानाच्या फळ्या, तराजूची कडी, धान्याची मापे, गल्ल्याची पेटी यांना भंगारात किंमत येत नाही. त्या वस्तू मागून घेतल्या तर त्यासाठी कुणी भांडत नाही.

ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांना मोजणीसाठी एका जास्तीच्या माणसाची गरज लागली तर मी टेपचे दुसरे टोक धरायला येईन. रविवार पेठ मला चालत जाण्याजोगी आहे आणि रविवारी सकाळचा वेळ माझ्यापाशी मोकळा असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रविवार पेठेतील एका पाडलेल्या वाड्याचा सहहिस्सेदार